समुद्राची नाडी कशी बघतात?

केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम नावाचे मच्छीमारांचे जुने बंदर आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये तिथे शिंपल्या खाल्लेल्या शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यातले सात जण दगावले. या विषबाधेत खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात ओठ आणि जीभ बधिर होतात, हातापायांना मुंग्या येतात, पुढे स्नायूंची ताकद जाते. विषाचे प्रमाण जास्त असेल तर श्वासाचे स्नायूही काम करेनासे होतात. त्यावर उतारा नाही. विषाचा असर ओसरेपर्यंत रुग्णाचा श्वास यंत्राने चालू ठेवणे हाच उपचार.

शिंपल्या नासलेल्या नव्हत्या आणि कच्च्याही नव्हत्या. त्यांच्यात विष आले होते ते समुद्रातल्या सूक्ष्म शैवालातून. ठरावीक जातींचे शैवाल एकाएकी वाढले की पाणी गाळून पोट भरणाऱ्या शिंपल्यांमध्ये त्यांचे विष साठत जाते. शिंपलीला त्याचा फारसा त्रास होत नाही, माणसाला होतो. हे विष उकळल्याने मरत नाही, मसाल्याने लपत नाही आणि चवीवरून कळत नाही.

म्हणजे रुग्ण खाटेवर होता, पण निदान समुद्रात होते. अशा वेळी डॉक्टरांना ज्यांच्यावर विसंबून राहावे लागते ती माणसे म्हणजे समुद्राचे अभ्यासक. ते समुद्राची तपासणी नेमकी कशी करतात, कोणती साधने वापरतात, याची सामान्य वाचकाला फारशी माहिती नसते. खरे तर ही साधने आपल्याला वाटतात तितकी अनोळखी नाहीत. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही महिन्यांतच चार पायऱ्या शिकवतात : रुग्णाला नीट बघा, हाताने चाचपा, बोटाने ठोकून बघा आणि मग कान लावून ऐका. त्यानंतर प्रयोगशाळेच्या तपासण्या, आणि सगळ्यात शेवटी केस पेपरवर व्यवस्थित नोंद. समुद्राची तपासणीही जवळजवळ याच क्रमाने चालते.

आधी डोळ्यांनी

१८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात एक साधा प्रयोग केला. एक पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. पाणी जितके गढूळ किंवा शैवालाने भरलेले, तितकी तबकडी लवकर दिसेनाशी होते. ‘सेक्की डिस्क’ या नावाने ही तबकडी आजही बोटींवर वापरली जाते. तिला वीज लागत नाही आणि ती बिघडतही नाही. शाळेतल्या मुलांनाही ती करता येते. दीडशे वर्षांपूर्वीच्या मोजणीची तुलना आजच्या मोजणीशी करता येते, हा तिचा मोठा गुण.

आता हेच काम अवकाशातून होते. भारताने १९९९ मध्ये ‘ओशनसॅट’ मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. पाण्याचा रंग टिपणारे उपकरण त्यावर होते. हिरवेपणा म्हणजे हरितद्रव्य, हरितद्रव्य म्हणजे वनस्पती प्लवक, आणि जिथे प्लवक तिथे ते खाणारे मासे येण्याची शक्यता, असा हा हिशेब आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाण्याचा रंग आणि पृष्ठभागाचे तापमान एकत्र पाहून मासे कुठे मिळण्याचा संभव आहे, याची सूचना किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना देते. डिझेलचा खर्च वाचवणारी ही सूचना कोकणातल्या बंदरांवरही पोहोचते.

पण नुसत्या बघण्याला मर्यादा असते. रुग्णाचे डोळे पिवळे दिसले की कावीळ कळते, तिचे कारण कळत नाही. उपग्रहाला शैवाल वाढल्याचे दिसते, ते विषारी आहे की निरुपद्रवी हे रंगावरून ठरवता येत नाही. शिवाय त्याला फक्त वरचा थर दिसतो. खालच्या थरांचे तापमान घेण्यासाठी जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार ‘अर्गो’ तरंगक सोडलेले आहेत. माणसाच्या उंचीची ही नळकांडी साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत खाली जाऊन येतात आणि वर आली की मोजलेले आकडे उपग्रहामार्फत पाठवून देतात. समुद्राच्या काखेत लावलेला थर्मामीटरच म्हणा. हे आकडे जगात कोणालाही फुकट पाहता येतात.

मग हाताने

शैवाल विषारी आहे का, हे ठरवायचे तर बोटीने जाऊन पाणी आणावेच लागते. त्यासाठी दोन्ही टोकांना झाकणे असलेली बाटली उघडी ठेवून खाली सोडतात आणि हवी ती खोली आली की वरून झाकणे बंद करतात. प्लवकांसाठी अतिशय बारीक विणीच्या कापडाचे, पिशवीसारखे निमुळते जाळे ओढतात. त्यात सापडलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे आणि मोजणे हे डोळ्यांना शिणवणारे काम आहे. त्याला आजही पुरता पर्याय नाही.

या जाळ्याची एक जुनी गोष्ट डॉक्टरांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. अ‍ॅलिस्टर हार्डी या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मालवाहू बोटीच्या मागे ओढता येईल असे एक यंत्र बनवले. त्यात रेशमी कापडाची गुंडाळी असते. बोट पुढे जाते तसे कापड सरकत जाते आणि वाटेतले प्लवक त्यावर अडकतात. १९३१ पासून उत्तर समुद्रात आणि अटलांटिकमध्ये ही नोंद चालू आहे. बोटी नेहमीच्या व्यापारी, मार्गही तेच. वापरलेल्या रेशमाचे नमुने इंग्लंडमध्ये जपून ठेवले गेले.

पुढे या जुन्या कापडांनी असे काही सांगितले, ज्याची हार्डी यांना कल्पनाही नव्हती. २००४ मध्ये संशोधकांनी १९६०च्या दशकापासूनचे नमुने काढून पाहिले तेव्हा त्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू सापडले आणि त्यांचे प्रमाण काळानुसार वाढत गेलेले दिसले. नंतर इटलीतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने याच कापडांवरच्या जिवाणूंचा डीएनए तपासला गेला. गेल्या अर्धशतकात ‘व्हिब्रिओ’ कुळातल्या जिवाणूंचे प्रमाण वाढल्याचे आणि ही वाढ समुद्राच्या चढत्या तापमानाशी जुळत असल्याचे त्यातून दिसले. कॉलरा ज्याच्यामुळे होतो तो जिवाणू याच कुळातला. खाऱ्या पाण्यातून जखमेत शिरून काही तासांत पाय काळानिळा करणारा, यकृताच्या रुग्णाला कच्च्या कालवांतून जिवावरचे दुखणे देणारा जिवाणूही याच कुळातला. रक्ताचा जुना नमुना जपून ठेवल्यामुळे वीस वर्षांनी आजाराचा माग लागावा, तसेच हे झाले.

ठोकून आणि ऐकून

अठराव्या शतकात ऑस्ट्रियात लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाचे एक वैद्य होते. त्यांचे वडील खानावळ चालवत. पिंप किती भरले आहे हे बाहेरून ठोकून कळते, मग छातीत पाणी झाले आहे का हे का कळू नये, असा विचार करून त्यांनी छाती ठोकून तपासण्याची पद्धत १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. समुद्रात सोनार हेच करतो. ध्वनी पाठवायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी वाचायचा. मच्छीमारांच्या ट्रॉलरवरचा ‘फिश फाइंडर’ आणि दवाखान्यातली सोनोग्राफी ही एकाच तत्त्वावर चालणारी भावंडे आहेत.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधताना सोनारवर एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. काही शे मीटरवर समुद्राचा तळ असल्यासारखा प्रतिध्वनी येई, पण नकाशाप्रमाणे तळ तर कितीतरी खाली. त्यातही हा खोटा तळ रात्री वर सरके आणि सकाळी पुन्हा खाली जाई. १९४५ च्या सुमारास उलगडा झाला. तो थर जिवंत होता. कोळंबीसारखे छोटे जीव, लहान मासे आणि माकुळ अंधार पडला की खाण्यासाठी वर येतात आणि उजाडण्याआधी खोल जातात. पृथ्वीवरचे सर्वांत मोठे स्थलांतर रोज रात्री होते, हे माणसाला असे योगायोगाने कळले.

ऐकण्याचे साधन म्हणजे हायड्रोफोन, पाण्याखालचा ध्वनिग्राहक. रेने लाएनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून पहिला स्टेथोस्कोप केला, तेव्हा आतल्या बारीक आवाजांचे एक नवे जगच डॉक्टरांना मिळाले. हायड्रोफोनने समुद्राच्या अभ्यासकांना तेच दिले. अरबी समुद्रात हंपबॅक देवमाशांचा एक छोटा, इतरांपासून तुटलेला गट आहे. तो इतर समुद्रांतल्या हंपबॅकप्रमाणे ध्रुवाकडे जात नाही, बारा महिने इथेच राहतो. त्यांची संख्या इतकी कमी आहे की बोटीतून शोधू गेले तर महिनोन्‌महिने एकही दिसू नये. पण गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्यात ठेवलेल्या ध्वनिग्राहकांवर या देवमाशांचे गाणे नोंदले गेले. न दिसणारा रुग्ण आवाजावरून सापडला.

प्रयोगशाळेचे अहवाल

निळा देवमासा हा आजवरचा सर्वांत अवजड प्राणी. त्याचा ईसीजी कोण आणि कसा काढणार? कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी लांब काठीच्या टोकावरून एक उपकरण देवमाशाच्या पुढच्या पंखाजवळ चिकटवले. ते रबरी वाट्यांनी, म्हणजे हवा काढून, धरून ठेवलेले होते. आपल्याकडे ईसीजीच्या छातीवरच्या वाट्या बसवतात तसेच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खोल बुडी मारल्यावर त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला चार ते आठ आणि क्वचित दोनपर्यंत उतरत, तर वर येऊन श्वास घेताना ते सदतीसपर्यंत चढत. माणसाचे हृदय मिनिटाला दोन ठोके देऊ लागले तर धावपळ उडेल. देवमाशाला ते मानवते.

मलतपासणीही आहेच. कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात राइट जातीच्या देवमाशांची विष्ठा पाण्यावर तरंगताना गोळा करून तिच्यातली ताणाची संप्रेरके मोजण्याचे काम चालू होते. वास काढून विष्ठा शोधायला शिकवलेले कुत्रे बोटीच्या टोकावर बसवलेले असत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची वर्दळ घटली आणि पाण्याखालचा गोंगाट सहा डेसिबलने उतरला. त्याच दिवसांतल्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाण कमी भरले. पुढल्या वर्षांच्या सप्टेंबरमध्ये अशी घट दिसली नाही. जहाजांच्या आवाजाने देवमाशांना त्रास होतो असे अनुमान होतेच, आता त्याचा अहवाल हाती आला.

सर्वांत नवी तपासणी डीएनएची. करोनाच्या साथीत घराघरांत पोहोचलेले पीसीआर हे तंत्र समुद्रासाठीही वापरतात. मासा पोहताना त्वचेच्या पेशी, खवले, चिकटा, विष्ठा मागे सोडत जातो. त्यांतला डीएनए काही तास ते काही दिवस पाण्यात राहतो. लिटर-दोन लिटर पाणी गाळायचे, गाळणीवरचा डीएनए वाढवायचा आणि कोणत्या जातीचा आहे ते जुळवून बघायचे. एकही मासा न पकडता तिथे कोण कोण येऊन गेले याची यादी मिळते. पण ही यादी बिनचूक नसते. प्रवाहाबरोबर डीएनए दुसरीकडून वाहत येऊ शकतो, आणि मासा जिवंत होता की मासळी बाजारातून धुऊन आलेला, हे डीएनए सांगत नाही. अहवाल आणि रुग्ण दोन्ही समोर ठेवूनच निदान करावे हा नियम इथेही लागू आहे.

केस पेपर

रुग्णालयात नाव चुकले तर एकाचा अहवाल दुसऱ्याच्या कागदांत जातो. समुद्री जीवांच्या बाबतीत हा घोळ दोन-अडीचशे वर्षे चालला. एकाच जातीला निरनिराळ्या शास्त्रज्ञांनी निरनिराळी नावे दिली. युरोपच्या किनाऱ्यावरच्या एका साध्या गोगलगायीला शंभराहून अधिक शास्त्रीय नावे मिळाली होती. हा गुंता सोडवण्यासाठी जगभरचे वर्गीकरणतज्ज्ञ मिळून समुद्री जातींची एक जागतिक सूची चालवतात. ‘वर्म्स’ या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सूचीत दोन लाखांहून अधिक मान्य जाती आहेत. कोणती जात कुठे आणि केव्हा दिसली याच्या नोंदी युनेस्कोच्या छत्राखालील ‘ओबिस’ या साठ्यात जमा होतात. त्याचे भारतीय केंद्र कोची इथे आहे. माशांपुरते बोलायचे तर ‘फिशबेस’ हा कोश आहे. त्यात माशाची लांबी, अन्न, प्रजननाचा काळ यांच्यासोबत स्थानिक भाषांतली नावेही दिलेली असतात. तिन्ही इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुले आहेत.

एकेका रुग्णाचा वेगळा कागदही असतो. कासवाच्या वल्ह्यासारख्या पायाला लावलेला क्रमांकाचा धातूचा बिल्ला हा त्यातला सर्वांत साधा. जानेवारी २०२२ मध्ये कोकणात वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवले गेले. पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिलाच प्रयोग होता. पुढल्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि साध्या बिल्ल्यानेही आपले काम केले. मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये अंडी घालायला गुहागरला आली. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असे मानण्याची पद्धत होती. एका बिल्ल्याने त्यावर पुन्हा विचार करायला लावले. संरक्षण एका किनाऱ्यापुरते करून भागणार नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

जुन्या साडीची गाळणी

इतकी साधने, इतका खर्च, त्याचा सामान्य माणसाला उपयोग काय, असे कोणी विचारले तर बांगलादेशाचे उदाहरण द्यावे. कॉलराचा जिवाणू नदीमुखांच्या आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म प्लवकांना चिकटून राहतो, हे रीटा कोलवेल या अमेरिकी शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. एका प्लवकावर हजारो जिवाणू असू शकतात. म्हणजे प्लवक गाळले तर बरेचसे जिवाणूही गाळले जातील. पण खेड्यातल्या बाईने प्लवकांचे जाळे कुठून आणायचे? उत्तर घरातच होते. वापरून वापरून मऊ झालेली सुती साडी चार वेळा दुमडली की तिची वीण प्लवक अडवण्याइतकी बारीक होते. ६५ गावांत केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी गाळणी वापरणाऱ्या घरांत कॉलराचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलेले आढळले. पाणी उकळणे किंवा क्लोरिन टाकणे केव्हाही अधिक चांगले. मात्र जिथे सरपणच नाही तिथे प्लवकशास्त्राने हे दिले.

समुद्राची नोंद ठेवण्यात आपणही हातभार लावू शकतो. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातली माणसे २०१७ पासून ओहोटीच्या वेळी हाजी अली, जुहू, गिरगाव अशा किनाऱ्यांवर फिरून मोबाइलने फोटो काढतात आणि ठिकाण-वेळेसह सार्वजनिक नोंदसाठ्यात टाकतात. रोज ज्याला आपण नुसते घाण पाणी म्हणतो, तिथे शेकडो जातींची नोंद झाली आहे. जाळ्यात सापडलेले कासव, देवमुशी यांसारखे संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारांना महाराष्ट्र सरकार २०१८ पासून नुकसानभरपाई देते. त्यासाठी सुटकेचे चित्रीकरण द्यावे लागते. त्यामुळे भरपाईच्या प्रत्येक अर्जासोबत एक शास्त्रीय नोंदही तयार होते.

किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाण्याचा रंग एकाएकी लाल, तपकिरी किंवा गडद हिरवा दिसला, मासे मरून वर आलेले दिसले, तर तिथल्या तिसऱ्या, कालवे, शिनाणे गोळा करू नयेत आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावे. शिंपल्या खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर झाली तर वाट न बघता कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि काय, कुठले, केव्हा खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे. पावसाळ्यात वाळूवर येणाऱ्या निळ्या फुग्यासारख्या ‘ब्लू बॉटल’ला मेलेले दिसले तरी हात लावू नये. डंख झाल्यास जागा चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी. पाकट माशाचा काटा लागल्यास पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. यकृताचा आजार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी उघडी जखम घेऊन समुद्रात उतरू नये आणि कच्ची कालवे खाऊ नयेत.

शिंपल्यांमुळे बाधा झालेला रुग्ण आला की डॉक्टरांनी आणखी एक काम करायचे असते. उरलेले अन्न फेकू न देता तपासणीसाठी ठेवायचे आणि आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवायचे. त्या एका फोनवरून बोट समुद्रात जाते, बाटलीत पाणी भरून येते आणि पुढच्या घरातली शिंपल्यांची कढई वेळेत चुलीवरून उतरवता येते.